नाव स्टोकरचं, गोष्ट कोणाची? : १९९२च्या ‘ड्रॅक्युला’चं प्रकरण

पुस्तकावरून पटकथा करायला शिकणाऱ्या मंडळींसोबत मी अधूनमधून बसतो. ‘मूळ कृतीशी इमान’ हा विषय निघाला की अर्धा दिवस हमरीतुमरीत जातो. म्हणून हल्ली मी सगळ्यांच्या पुढ्यात एकच प्रकरण ठेवतो: फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा १९९२ सालचा ‘ब्रॅम स्टोकर्स ड्रॅक्युला’. लेखकाचं नाव थेट शीर्षकात घालून या चित्रपटाने इमानाची शपथ घेतली, आणि मग कादंबरीच्या मर्मस्थानीच बदल केला. चित्रपटातल्या माणसांची नावं जाहीर आहेत, ती तशीच ठेवली आहेत. आमच्या बैठकीतल्यांची मात्र गाळली आहेत.

पार्श्वभूमी

कादंबरी १८९७ सालची. स्टोकर मूळचे डब्लिनचे. लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचं व्यवस्थापन हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग, आणि हेन्री आयर्विंग हा बडा नट त्यांचा मालक. कादंबरीला एकसलग निवेदक नाही. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यावर कामासाठी गेलेला तरुण वकील जोनाथन हार्कर याची शॉर्टहँडमधली रोजनिशी, त्याची होणारी बायको मीना आणि तिची मैत्रीण ल्यूसी यांची पत्रं, डॉ. सेवर्डने फोनोग्राफवर नोंदवलेलं बोलणं, जहाजाच्या कप्तानाची नोंदवही, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं असा सगळा कागदांचा गठ्ठा आहे. या गठ्ठ्यात ड्रॅक्युलाची, म्हणजे त्या रक्तपिपासू काउंटची (सरदाराची), बाजू नाही. किल्ल्यातली पहिली चार प्रकरणं संपली की तो फारसा दिसतही नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी चालतंय हे खाली बसलेल्यांना कळावं, तसा तो उरलेल्या पुस्तकात वावरतो. भीती आहे ती त्या न दिसण्यात.

रंगभूमीला हे परवडणारं नव्हतं. १९२४ साली इंग्लंडमध्ये नाटक आलं तेव्हा काउंटला संध्याकाळच्या पोशाखात दिवाणखान्यात आणून उभं केलं. १९२७ साली ब्रॉडवेवर ती भूमिका बेला लुगोसीकडे गेली आणि १९३१ साली त्याच्यासकट पडद्यावर आली. त्याआधी जर्मनीत १९२२ साली ‘नोस्फेराटू’ निघाला होता. त्याच्या निर्मात्यांनी परवानगी न घेता नुसती नावं बदलली होती. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या आणि १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून तो आज बघता येतो. उन्हाने रक्तपिपासू मरतो ही समजूत त्या चित्रपटाची देणगी. कादंबरीतला काउंट भर दिवसा लंडनच्या पिकॅडिलीत फिरतो.

थोडक्यात, लोकांच्या डोक्यात जो ड्रॅक्युला पक्का बसला होता त्यात स्टोकरचा वाटा निम्म्याहून कमीच असावा. पुस्तकाला सर्वांत जवळचं मानलं जाणारं रूप बीबीसीचं, १९७७ सालचं, सुमारे अडीच तासांचं. लुई जुर्दां काउंट, फ्रँक फिनले त्याच्या मागावरचा म्हातारा डॉक्टर व्हॅन हेल्सिंग. तिथेही मीना आणि ल्यूसी सख्ख्या बहिणी झाल्या आणि ल्यूसीशी लग्न करू पाहणाऱ्या तीन उमेदवारांपैकी दोघांचा मिळून एक केला गेला. कादंबरीतला पांढऱ्या मिशीचा म्हातारा रक्त पिऊन तरणा होत जातो, तेही तिथे नाही. ‘सर्वांत इमानी’ म्हणवणाऱ्याचीही ही स्थिती, एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

अडचण

जेम्स हार्ट यांची संहिता मुळात टीव्हीसाठी होती. पुढे चित्रपटात मीना झालेल्या अभिनेत्री विनोना रायडर यांनी ती वाचली. कपोलांच्याच ‘गॉडफादर’च्या तिसऱ्या भागातून त्या ऐनवेळी बाहेर पडल्या होत्या. त्यामुळे आलेला अवघडलेपणा दूर करायला त्या कपोलांना भेटल्या, आणि जाता जाता ही संहिता त्यांच्या हातात देऊन आल्या.

कपोलांच्या मागे तेव्हा एक लौकिक होता. ‘अपोकॅलिप्स नाऊ’ फिलिपिन्सच्या जंगलात महिनोन्महिने रेंगाळला होता आणि १९८२च्या ‘वन फ्रॉम द हार्ट’ने त्यांना कर्जात बुडवलं होतं. स्टुडिओला त्यांचं नाव हवं होतं आणि त्यांची भीतीही वाटत होती. ही पैशाची अडचण.

कथेची अडचण याहून अवघड होती. शीर्षकभूमिकेतला माणूस चार प्रकरणांनंतर दिसेनासा होतो, आणि त्या भूमिकेसाठी तर गॅरी ओल्डमन घेतलेला! नटाला पडद्यावर ठेवायचं तर त्याला काहीतरी काम द्यावं लागणार. शीर्षकात स्टोकरचं नाव घातल्यावर ते काम आणायचं कुठून?

समोरचे पर्याय

चित्रीकरण कुठे करायचं, याचे दोन सरळ रस्ते होते. रुमेनियाचे डोंगर आणि खरे किल्ले, नाहीतर लॉस एंजेलिसमधले बंदिस्त मंच. मंच निवडले गेले. खर्चाच्या दृष्टीने ते शहाणपणाचं होतंच, पण पुढे त्यातूनच चित्रपटाचं रूप ठरलं.

काउंटचं काय करायचं, यासाठी तीन वाटा होत्या. पुस्तकाप्रमाणे त्याला सावलीत ठेवणं. नाटकाप्रमाणे त्याला दिवाणखान्यातला सभ्य पाहुणा करणं. किंवा त्याला भूतकाळ देणं. हार्टच्या संहितेने तिसरी वाट आधीच धरली होती. १४६२ साल, तुर्कांशी लढणारा व्लाद (आजच्या रुमेनियातल्या वालाकियाचा इतिहासातला राजा), तो मेल्याच्या खोट्या बातमीने नदीत उडी घेणारी एलिझाबेटा, देवाला शिव्या घालून शापित झालेला नवरा. चारशे वर्षांनी ती मीना म्हणून पुन्हा जन्माला येते. पुनर्जन्माची प्रेमकथा आपल्याला काय नवी! ‘मधुमती’ पाहिलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत पुढचा प्रवास कळतो.

गंमत अशी की चित्रपटातला हा सर्वांत ‘मूळचा’ वाटणारा भाग स्टोकरचा नाही. स्टोकरच्या टिपणांत काउंटचं नाव आधी ‘वॅम्पिर’ असं होतं. १८९० साली इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या ग्रंथालयात एका जुन्या पुस्तकात त्यांना ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडलं आणि आवडलं. व्लादच्या चरित्राचा त्यांनी खोलात अभ्यास केल्याचं त्या टिपणांत दिसत नाही. व्लाद म्हणजेच ड्रॅक्युला हे समीकरण घरोघरी पोचलं ते १९७२ साली दोन इतिहास-संशोधकांनी लिहिलेल्या पुस्तकामुळे. आणि काउंटला हरवलेल्या प्रियेचं रूप दुसऱ्या स्त्रीत दिसणं हा धागा जॅक पॅलन्सच्या टीव्ही-चित्रपटात सत्तरच्या दशकातच येऊन गेला होता.

मग ही शुद्ध फसवणूक का? आमच्या बैठकीत एका निवृत्त शिक्षिकेने या प्रश्नावर सगळ्यांना गप्प केलं. त्यांनी कादंबरीची प्रत आणली होती आणि तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. किल्ल्यातल्या बायका काउंटला हिणवतात की तू कधी प्रेम केलंच नाहीस, तेव्हा तो हळू आवाजात सांगतो की मीही प्रेम करू शकतो, हे तुम्हालाच ठाऊक आहे. ही पहिली खूण. सगळे पुरुष सूडाने पेटलेले असताना मीना त्यांना म्हणते, ज्याने हे सगळं दुःख घडवलं त्या जिवाचीच दशा सर्वांत करुण आहे. ही दुसरी. आणि शेवटी त्याची माती होते त्या क्षणी तिला त्याच्या चेहऱ्यावर शांती दिसते. “बी पुस्तकातलंच आहे,” बाई म्हणाल्या, “झाड मात्र यांनी भलतंच वाढवलंय.”

काय केलं

कपोलांनी आधी सगळ्या नटांना आपल्या नापा इथल्या मळ्यावर बोलावलं आणि कादंबरी मोठ्याने वाचायला लावली. आपल्याकडे नाटकाचं वाचन होतं तसं, फक्त इथे संहितेच्या जागी अख्खं पुस्तक. त्याचा परिणाम दिसतो. रोजनिशीची पानं, तारा, फोनोग्राफचं सिलिंडर हे सगळं पडद्यावर आहे. सेवर्ड, आर्थर आणि टेक्सासचा क्विन्सी मॉरिस हे तिन्ही उमेदवार हजर आहेत, आणि हे फार कमी रूपांतरांत घडलं आहे. काउंट म्हातारा येतो आणि तरुण होतो. तो दिवसाही फिरतो.

दुसरा निर्णय करामतींचा. काम सुरू केलेल्या तंत्रज्ञांचा आग्रह संगणकाचा होता. कपोलांनी त्यांना निरोप दिला आणि ती जबाबदारी आपल्या मुलाकडे, रोमनकडे सोपवली. अट एकच: १८९७च्या आसपास जे कॅमेऱ्यात करता आलं असतं त्याच जातीच्या युक्त्या वापरायच्या. दुहेरी छायांकन, उलटी फिरवलेली फिल्म, आरसे, छोट्या प्रतिकृती. हार्कर ट्रान्सिल्व्हेनियाला निघतो तेव्हा त्याच्या रोजनिशीच्या पानाच्या कडेवरून इवलीशी आगगाडी धूर सोडत जाते. ल्यूसी शवपेटीत परत जाते तो प्रसंग सेडी फ्रॉस्टने उलट चालून केला आणि फिल्म मागे फिरवली. म्हणून ती ज्या तऱ्हेने आडवी होते ती माणसाची वाटतच नाही. काउंट लंडनच्या रस्त्यावर प्रथम दिसतो ते दृश्य हाताने फिरवायच्या जुन्या पाथे कॅमेऱ्यावर घेतलं आहे, आणि लगेच तो मीनाला सिनेमॅटोग्राफ दाखवायला नेतो. कादंबरी निघाली त्याच्या आदल्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईत वॉटसन हॉटेलात हाच सिनेमॅटोग्राफ लोकांनी पाहिला होता. ‘कालिया मर्दन’मधल्या फाळक्यांच्या करामती आठवल्या की कपोलांनी कुठल्या पेटीतली हत्यारं काढली हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरा निर्णय पोशाखांचा. नेपथ्यावर पैसा कमी करायचा आणि पोशाखांनाच नेपथ्य मानायचं. जपानी कलाकार एइको इशिओका यांनी लाल चिलखत असं केलं की सोललेल्या माणसाचे स्नायू दिसावेत. ल्यूसीच्या दफनाच्या पांढऱ्या पोशाखाची गळपट्टी फणा काढणाऱ्या सरड्यावरून घेतली.

माझ्या मते या तीन निर्णयांत चित्रपट स्टोकरशी सर्वांत इमानी आहे. कादंबरी तिच्या काळात अगदी अद्ययावत होती. टाइपरायटर, फोनोग्राफ, रक्त चढवणं या नव्या साधनांनी जुन्या भुताशी लढणं हा तिचा खेळ होता. कपोलांनी त्याच काळातलं आणखी एक नवं यंत्र, सिनेमा, त्यात आणलं. कथानकाची बेरीज-वजाबाकी करणाऱ्यांना हे इमान दिसत नाही.

चौथा निर्णय कादंबरीच्या एकविसाव्या प्रकरणाचा, आणि या सगळ्या वादाचा खरा सांधा हा आहे. बैठकीत आम्ही पुस्तकातलं पान आणि पडद्यावरचा प्रसंग शेजारी ठेवतो.

पुस्तकात रात्र आहे. दार फोडून पुरुष आत येतात. पलंगावर जोनाथन गुंगीत पडलेला, चेहरा लाल, श्वास जड. त्याच पलंगाच्या कडेला मीना गुडघ्यावर. काउंटने तिचे दोन्ही हात एका हातात आवळलेत आणि दुसऱ्या हाताने तिची मान धरून तोंड आपल्या छातीवरच्या जखमेवर दाबलंय. स्टोकर उपमा देतो ती घरगुती: एखाद्या पोराने मांजराच्या पिल्लाचं नाक बळजबरीने बशीतल्या दुधात खुपसावं तसं. त्या एका उपमेने सगळा प्रसंग किळसवाणा होतो.

चित्रपटात जोनाथन खोलीत नाहीच, तो इतरांबरोबर शेजारच्या वास्तूत मातीच्या पेट्या नष्ट करायला गेलाय. मीना काउंटला स्वतः जवळ करते. ल्यूसीला यानेच मारलं हे कळल्यावर त्याच्या छातीवर मुठी आपटते, आणि तरी त्याच्यावर प्रेम असल्याचं कबूल करते. रक्त द्यायच्या वेळी कचरतो तो काउंट. हट्ट तिचा.

बळजबरीच्या जागी संमती आली. प्रसंग तोच, जखम तीच, जागा तीच, अर्थ उलटा. एका तरुणीने हे पाहून विचारलं, “याला बदल म्हणायचं की सारवासारव?” मला उत्तर देता आलं नाही, आणि अजूनही देता येत नाही.

भूमिका

ओल्डमन हा या सगळ्याचा खांब. संहितेने त्याच्याकडून पुस्तकातला राक्षस आणि पदरचा विरही प्रियकर अशी दोन माणसं मागितली. त्याने आवाज खाली उतरवण्यासाठी शिक्षकाकडे तालीम केली, आणि म्हाताऱ्या काउंटच्या वाक्यांना असा संथ हेल दिला की पाहुणचार आणि धमकी वेगळी करता येऊ नये. हार्करचा वस्तरा चाटण्याचा प्रसंग पाहा. पाठ फिरवून, चोरून, लहान मुलाने साय खावी तसा. तिथे राक्षसही आहे आणि भुकेला जीवही. दोन काउंट एका शरीरात बसले ते या नटामुळे, संहितेमुळे नव्हे. जुर्दांचा काउंट याच्या अगदी उलट. शांत, जवळजवळ कंटाळलेला, आवाज कधी न चढवणारा. मला भीती त्याची जास्त वाटते, हे इथे सांगून टाकतो.

अँथनी हॉपकिन्सचा व्हॅन हेल्सिंग अनेकांना आगाऊ वाटतो. ल्यूसीचं मुंडकं उडतं आणि पुढच्याच क्षणी तो ताटातलं मांस कापताना दिसतो. पण पुस्तकातला म्हाताराही ल्यूसीच्या दफनानंतर बग्गीत बसून हसतो, रडतो, पुन्हा हसतो. हे वेड स्टोकरचंच आहे. टॉम वेट्सचा रेनफिल्ड (सेवर्डच्या वेड्यांच्या इस्पितळातला रुग्ण) आणि सेडी फ्रॉस्टची ल्यूसी यांच्याबद्दल तक्रार करावी असं मला काही सापडत नाही.

रायडरच्या मीनाचं नुकसान लेखनात झालं. पुस्तकातली मीना सगळ्यांच्या रोजनिशा टाइप करून तारखेप्रमाणे लावते. ड्रॅक्युला हरतो तो आधी तिच्या टाइपरायटरपुढे. चित्रपटात टाइपरायटर सुरुवातीला दिसतो, आणि ती प्रियकराची प्रिया झाली की विस्मरणात जातो.

आता हार्कर झालेला किआनू रीव्हज. इंग्रजी उच्चारांवरून त्याची जेवढी टर उडवली गेली तेवढी क्वचितच कोणाची उडाली असेल. त्याने उच्चारांवर इतकी मेहनत घेतली की ती मेहनतच ऐकू येते, हे खरं. पण सगळं खापर जिभेवर फोडणं मला पटत नाही. प्रेम काउंटकडे गेलं, दुःख काउंटकडे गेलं, शेवटचा क्षण मीनाकडे गेला. हार्करच्या वाट्याला प्रवास आणि पांढरे होत जाणारे केस एवढंच उरलं. कपोलांनीही नंतर कबूल केलं की ती भूमिका फारशी मोठी नव्हती, म्हणून तिथे देखणा तरुण तारा हवा होता. रिकाम्या भांड्यात चेहरा घातला, आणि मग भांडं वाजतंय म्हणून चेहऱ्याला दोष दिला.

परिणाम

सुमारे ४ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात २१ कोटींहून अधिक मिळवले. पोशाख, रंगभूषा आणि ध्वनिपरिणामांचं संपादन अशी तीन ऑस्कर मिळाली. अभिनयासाठी नामांकन एकही नाही. काउंटला विरही प्रियकर मानण्याची वहिवाट यानंतर इतकी रुळली की कादंबरी पहिल्यांदा वाचणारे आता एलिझाबेटा शोधतात आणि सापडली नाही की चक्रावतात.

वेगळं काय करता आलं असतं

व्लादचा पूर्वभाग काढा, असं मी म्हणणार नाही. त्यातली कठपुतळ्यांसारखी सावल्यांची दृश्यं आणि संगीतकार वॉयचेख किलारचं संगीत गमावायची माझी तयारी नाही. शीर्षकातून स्टोकरचं नाव काढलं असतं तर निम्मे भांडण मिटलं असतं, पण तो वकिली तोडगा झाला.

खरी संधी निसटली ती दुसरीकडे. चित्रपटाला प्रेमकथा हवी होती आणि तिच्यासाठी तो १४६२ सालापर्यंत मागे गेला. पुस्तकात ती होती. एकविसाव्या प्रकरणातल्या त्या रात्रीनंतर मीना जे घडलं ते सांगत असते, जोनाथन तिचा हात धरून ऐकत असतो, आणि पहाटेच्या उजेडात त्याचे केस पांढरे होत असलेले दिसतात. पुढे तो रोजनिशीत लिहितो की मीना शेवटी त्यांच्यातली एक होणारच असेल, तर त्या अनोळखी, भयाण मुलखात ती एकटी जाणार नाही. म्हणजे बायकोला वाचवता आलं नाही तर तिच्याबरोबर रक्तपिपासू व्हायची त्याची तयारी आहे. सगळे चांगले लोक ज्या पापाविरुद्ध लढताहेत ते पाप हा सभ्य, भिडस्त वकील प्रेमापोटी पत्करायला निघालाय! मग तो गार हातांनी खुकरीला धार लावत बसतो आणि सेवर्ड ते लिहून ठेवतो.

ही दोन-तीन पानं हार्करला दिली असती तर रीव्हजला वाजवायला काहीतरी मिळालं असतं, आणि मीनाची निवड खरी निवड झाली असती. एकीकडे तिच्यासाठी चार शतकं थांबलेला, दुसरीकडे तिच्यासाठी स्वतःचा आत्मा द्यायला निघालेला. आताच्या चित्रपटात तराजूच्या एका पारड्यात काही ठेवलेलंच नाही.

बैठकीच्या शेवटी मी सगळ्यांना एकच प्रसंग पुन्हा लिहायला देतो, चित्रपटाचा शेवट. घायाळ काउंटला घेऊन मीना देवळात शिरते, बाकीचे मागे धावतात, आणि त्यांना अडवतो तो हार्करच: जाऊ द्या तिला. दार बंद होतं. पुस्तकातला नवरा जिला एकटं जाऊ देणार नव्हता, तिला इथला नवरा एकटी जाऊ देतो आणि बर्फात उभा राहतो. एकदा त्या शिक्षिकाबाईंनी लिहिलेल्या कागदावर फक्त दोन ओळी होत्या. दार लागतं तेव्हा हार्कर आत असतो. खुकरी बाहेर पायरीवर पडलेली.